हिरवं बटण

“यंत्र आनलं म्हनं. खरवडायला शेवटी म्हातारीच.”

रुद्रम्मा कढईत अर्ध्या आत वाकून उलथन्यानं बूड खरवडत होत्या आणि हे कढईलाच सांगत होत्या. मी शेजारी पोतं टाकून बसले होते, बोर्डाच्या डब्याचे स्क्रू काढत, म्हणून मला ऐकू आलं. बोलणं माझ्यासाठी नव्हतं, तरी लागलं. यंत्र मीच बनवलेलं होतं.

कढईचं बूड काळंठिक्कर पडलं होतं. करपलेल्या खव्याचा वास एकदा नाकात बसला की दिवसभर चहालाही तोच येतो. बाहेर आभाळ खाली उतरलेलं, पण पडायचं नाव नाही. आमच्याकडं आभाळाला ती सवयच आहे. भट्टीच्या पत्र्याखाली त्यामुळं भर सकाळी दिवेलागणीसारखं वाटत होतं.

भूमला स्टँडच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझे मालक महारुद्र होते तेव्हा ते मोटारी भरायचे आणि मी स्टार्टरचे बोर्ड बघायची. ते गेल्यावर दोन्ही कामं माझ्याकडं आली. शिकले कुठं म्हणाल, तर कुठंच नाही. लोकांनी जळाले म्हणून टाकलेले बोर्ड आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढीच शाळा. व्हिडिओतली माणसं भराभर बोलतात. मी थांबवून थांबवून बघायची, एखादा नवा पदार्थ शिकावा तसं.

आण्णासाहेबांची, म्हणजे रुद्रम्मांच्या मालकांची, खव्याची भट्टी पाथरूडच्या रस्त्याला. उभा जन्म त्यांनी कढईपुढं काढला. खांदा गेला तेव्हा त्यांच्या मुलानं, शिवशंकरनं, ढवळायला मोटार बसवली, आणि ती वेळेवर आपोआप बंद व्हावी म्हणून मला बोलावलं. दूध आटत आलं की कढईतलं पातं जड चालतं, मोटार जास्त करंट ओढते. तेवढा मोजायचा, आणि वेळ झाली की गॅस बंद, मोटार बंद, घंटा चालू. करायला अवघड नव्हतं. पण वेळ झाली म्हणजे नेमकी कधी, ते मला काय ठाऊक? म्हणून आण्णा स्टुलावर डोळे मिटून बसायचे. पात्याचा आवाज बदलला की म्हणायचे, “आता.” त्या क्षणी करंट किती, ते मी बघायची. म्हशीच्या दुधाला, गाईच्या दुधाला, थंडीत, उन्हाळ्यात. शेवटी जो आकडा बसला तो मी चिपमध्ये घातला. म्हणजे डबा माझा, आतलं शहाणपण आण्णांचं. तेव्हा ते बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचे, “माझा कान काढून बाईनं डब्यात घातलाय.”

तो कान इतकी वर्षं चुकला नाही. आणि आता खवा करपायला लागला होता. रोज नाही, प्रत्येक घाणा नाही, मधूनच एखादा. तुळजापूरच्या पेढेवाल्यानं डबे परत पाठवले, वास येतो म्हणून. शिवशंकरचा फोन आला की तुमच्या बोर्डाला काहीतरी झालंय. मी येऊन अख्खा बोर्ड बदलून गेले. पुन्हा तेच. म्हणून आज लॅपटॉप घेऊन आले होते, आत बघायला.

आल्या आल्या आण्णा उठून उभे राहिले होते. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म, नेहमीसारखं हसू.

“या अयोध्याबाई. महारुद्र न्हाय आला व्हय?”

रुद्रम्मांचं उलथनं थांबलं. शिवशंकर गॅसची नळी आज पहिल्यांदा पाहिल्यासारखा न्याहाळू लागला. त्याची बायको निकिता दुधाच्या कॅनचं झाकण काढून परत लावू लागली.

माझ्या मालकांना खांदा देणाऱ्यांत आण्णा होते. खांदा दुखत असताना त्यांनी दुसऱ्याला दिला नव्हता.

“कामात हायत,” मी म्हणाले.

“असू दे, असू दे. सांगा त्याला, येऊन जा म्हनावं.”

खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे मला तिथं कळलं. माझ्या तोंडून ते निघालं आणि पत्र्याखालच्या सगळ्यांनी श्वास सोडला. उलथनं परत चालू झालं. मी पोतं अंथरून स्क्रू काढायला बसले आणि नवऱ्याचा विचार बाजूला सारला. ते मला बऱ्यापैकी जमतं.

वाफ जाऊ नये म्हणून मी बोर्डावर सिलिकॉन थापलं होतं. ते ब्लेडनं हळूहळू सोललं. खाली बोर्डाच्या कडेला चार टोकं निघाली, तांदळाच्या दाण्याएवढी. याला आमच्या कामात डीबग पोर्ट म्हणतात. बोर्ड चालू असताना त्याच्या आत डोकवायचं ते दार. त्याला आत्ता काय दिसतंय, कोणतं बटण दाबलं गेलं, तो मनात कुठवर मोजून आलाय, सगळं बाहेर दिसतं. माणसाला असं दार नाही ते बरंय, असं मी दुकानात गमतीनं म्हणायची.

पेनड्राइव्हसारखी एक कांडी लॅपटॉपला लावायची आणि तिच्या वायरी या टोकांना. काळी वायर पहिली. कांडीचं आणि बोर्डाचं शून्य एक झाल्याशिवाय त्यांचं बोलणं म्हणजे नुसती बडबड. मग दोन पातळ वायरी. चौथी, करंटची, लावायची नाही, कारण बोर्डाला स्वतःचा करंट आहे. लॅपटॉपचा चार्जर आधीच काढून ठेवला होता; भट्टीतल्या लाइटीचा भरवसा नसतो.

लॅपटॉप म्हणाला, पलीकडं कुणी नाही.

वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. पलीकडं कुणी नाही. मग मला आठवलं. बोर्ड बनवताना एक टोक कमी पडलं होतं, म्हणून याच दारातलं एक मी लाल दिव्याला देऊन टाकलं होतं. बोर्ड चालू झाला की तो आधी ते दार बंद करतो आणि दिव्याच्या कामाला लागतो. काटकसर म्हणजे काय, उद्याची कटकट आज साठवून ठेवणं. आता उपाय एकच. बोर्डावरचं रिसेटचं बारीक बटण दाबून त्याला झोपेत धरायचं, मी इकडून जोडायला सुरुवात करायची, आणि तो डोळे उघडून दार लावायच्या आधी आत शिरायचं. त्याला दोन माणसं लागतात.

“म्या धरतो की,” आण्णा पुढं आले.

मी समजावून सांगितलं. दाबून धरा, मी सोडा म्हणाले की सोडा. त्यांनी मान हलवली आणि चटके खाऊन निबर झालेला अंगठा त्या बारीक बटणावर असा अचूक टेकवला की मला बरं वाटलं. मी लॅपटॉपवर बोट मारलं.

“सोडा, आण्णा.”

अंगठा तिथंच. ते माझ्याकडं बघत होते, पाहुण्याकडं बघावं तसे, अदबीनं.

“सोडा.”

“काय सोडू?”

कुणी हसलं नाही. गावात अशा बोलण्यावर कुणीतरी हसतंच. निकिता ओले हात पुसत मागून आली. म्हणाली, “मामा, असं,” आणि त्यांच्या अंगठ्यावर आपला हात ठेवला. मी परत सुरुवात केली, सोडा म्हणाले, आणि तिनं त्यांचा अंगठा आपल्या हातानं अलगद उचलला. लॅपटॉपवर आकडे आले. आण्णांनी अंगठ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि तो धोतराला पुसला.

मी लाल दिव्याचं काम काढून टाकलं, म्हणजे दार उघडं राहील. निकितानं नवं दूध ओतलं. आण्णांनी हिरवं बटण दाबलं. गॅस पेटला, पातं फिरायला लागलं.

आता बघत बसायचं. बोर्डाला न थांबवता, त्याला न कळता. दूध उकळलं, फेस चढला, उतरला. लॅपटॉपवर करंटचा आकडा दम लागलेल्या माणसासारखा हळूहळू वर चढत होता. माणसं देवाकडं काहीबाही मागतात. मी त्या वेळी मागितलं की चूक माझ्या कामात निघू दे. एखादी वायर सैल असू दे. मोजणारा पुर्जा फसवा निघू दे. हिरव्या बटणात वाफ जाऊन ते आपलं आपणच दाबलं जात असू दे. तेवीस ठिकाणी चुकू शकणारं काम मी केलेलं आहे, त्यातलं एक तरी ठिकाण आज उपयोगी पडू दे.

काही सैल नव्हतं. आकडा आण्णांच्या आकड्याला पोचला, गॅस बंद झाला, पातं थांबलं, घंटा वाजली. कढईत खवा पांढरा, रवाळ, जसा हवा तसा. आण्णांनी वाकून वास घेतला, म्हणाले, “झाला.” आणि खिळ्याला टांगलेलं उलथनं आणायला वळले.

उलथनं घेऊन ते परत आले. कढईपुढं थांबले. पात्याकडं पाहिलं, ते फिरत नव्हतं. उलथनं काठावर ठेवलं आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.

वाफेनं दाबलं गेलेलं बटण लॅपटॉपवर थरथरतं. होय-नाही, होय-नाही असं करतं. हे थरथरलं नाही. एकदाच, सरळ आणि ठाम. माणसाच्या बोटाचं.

नवा घाणा सुरू झाला की पहिला काही वेळ बोर्ड पात्याचा जडपणा बघत नाही. आधीच्या घाण्याची खरवड सुटेपर्यंत मोटार ओढत चालते, म्हणून ती सवलत मीच दिली होती. तयार खवा, खाली पेटलेला गॅस आणि न बघणारा बोर्ड. करपायला तेवढी सवलत पुष्कळ झाली.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण निकितानं गॅसची तोटी आधीच बंद केली होती. धावत येऊन नाही. तिचा हात तिथंच होता. घंटा वाजल्यापासून तो तिथंच असावा. तिनं बंद केली, आणि आण्णांना म्हणाली, “मामा, काढायचा ना हा?” आण्णा म्हणाले, “व्हय की,” आणि खवा काढायला लागले.

म्हणजे रोज का करपत नव्हता ते मला कळलं. निकिता भट्टीवर असली की करपत नव्हता. ती स्वयंपाकाला गेली, माहेरी गेली, लेकराला घेऊन दवाखान्यात गेली की करपत होता.

मी वर पाहिलं तर शिवशंकर लॅपटॉपकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. मला बाहेर कॅनपाशी घेऊन गेला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. पेढेवाल्यानं दुसरीकडून खवा घ्यायला सुरुवात केलीय. दवाखान्यात न्यायचं तर नाव पडतं, गावात काय बोलतील. आण्णांना कढईपुढून उठवलं तर ते बसायचे कुठं, करायचे काय. निकिता पाणी घेऊन आली, आणि जाता जाता हळूच सांगून गेली की मागं एकदा त्यांच्या धोतराचा सोगा पेटला होता, तिनं हातानं विझवला. शिवशंकरनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “बोर्डाचंच असंल ना कायतरी?”

रागात विचारलं असतं तर मी भांडले असते. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला खपत नाही, महारुद्रांचंही मी खपवून घेतलं नव्हतं. पण तो मागत होता. दारात उभं राहून मागावं तसा.

“बटणात वाफ जाते,” मी म्हणाले.

“व्हय ना? म्या म्हनलंच व्हतं.” त्याचे ताठलेले खांदे सैल पडले.

मी परत पोत्यावर येऊन बसले. कांडी लावलेलीच होती, दार उघडंच होतं. एकच लहानसं वाक्य घालायचं होतं. घंटा वाजली की खवा काढून होईपर्यंतचा वेळ हिरव्या बटणाचं ऐकायचं नाही. बस. आण्णांनी कितीदा का दाबेना, झालेल्या घाण्याखाली गॅस पेटणार नाही. निकिताला तोटीवर हात ठेवून उभं राहायला नको, पेढेवाल्याचे डबे परत यायला नकोत, दवाखाना नको, गावाला काही कळायला नको. आण्णांनाही नको. मला वाटलं, जगात एवढं सोपं औषध कुठल्या डॉक्टरकडं असेल? मी ते घातलं, दोनदा तपासलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वाफ जात होती, आता बंदोबस्त केलाय.

भट्टीवर सण असल्यासारखं झालं. शिवशंकर स्वतः चहा करायला गेला. आण्णा मला म्हणाले की तुमचं काम म्हणजे पक्कं, आणि महारुद्रला सांगा, बायको तुझ्याहून हुशार निघाली. मी सांगते म्हणाले. रुद्रम्मांनी चहा सगळ्यांना दिला, स्वतः घेतला नाही, आणि जाऊन दुसरी काळी कढई पुढं ओढली. कढईला काहीतरी सांगत होत्या. यावेळी मला ऐकू आलं नाही.

चहानंतर पुढचा घाणा लागला. मी निघायला हवं होतं, एसटीची वेळ झाली होती. पण एक घाणा डोळ्यांसमोर नीट निघाला की मग वायर काढू, असं म्हणून बसले. निकिता मोकळ्या मनानं भाकरी टाकायला घरात गेली. कित्येक दिवसांनी गेली असेल.

घंटा वाजली. आण्णांनी वास घेतला. “झाला.” उलथनं आणायला गेले. परत आले. पात्याकडं पाहिलं.

हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी परत दाबलं, मग तळहातानं. मग बटणाला कान लावला, जसा पूर्वी कढईला लावायचे.

“लाइट हाय का?”

“हाय,” शिवशंकर म्हणाला.

आण्णांनी पत्र्याखालचा दिवा पाहिला, तो चालू होता. बोर्डाच्या डब्याकडं पाहिलं. डब्यातून निघालेली काळी वायर बोटानं धरून ते तिच्याबरोबर चालत आले, पोत्यापर्यंत, माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत. मी स्क्रीन मिटली नाही. मिटायला हवी होती की नाही, मला अजून सांगता येत नाही.

“अयोध्याबाई, तुमी त्याला माझं ऐकू नको म्हनून सांगितलंय.”

ते विचारत नव्हते. आवाजही चढलेला नव्हता. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत ते जुने, पात्याचा आवाज ओळखणारे आण्णा होते, आणि नेमके याच गोष्टीसाठी आले होते.

“आण्णा, बटनात वाफ जाती ना, म्हनून ताईंनी–” शिवशंकरनं सुरुवात केली. आण्णांनी हात वर केला.

“त्यात कान माझा हाय. त्यो कढईचं ऐकतोय. माझं का न्हाय?”

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. तशी उत्तरं मी गिऱ्हाइकांना रोज देते. दमट हवा, जुनं बटण, सावकाश होईल ठीक. आज मी नुसती लॅपटॉपवरची बोटं काढून घेतली. निकिता पिठाच्या हातांनी दारात येऊन थांबली होती. शिवशंकर गॅसच्या नळीकडं बघायला लागला.

रुद्रम्मांनी खरवडायचं थांबवलं. उलथनं कढईत टाकलं, ते वाजलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदराला हात पुसले आणि आण्णांपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांतली वायर सोडवून घेतली. त्या दिवसात त्या पहिल्यांदाच कढईशी न बोलता माणसाशी बोलल्या.

“खवा कवाच झालाय. तुमीच म्हनलाव, झाला म्हनून. महारुद्र बी कवाच गेलाय, तुमीच खांदा दिलाव. त्या डब्याला काय बी झालं न्हाय, अवो. तुमी इसरायलाव.”